लवंडरचं आळं

लवंडरला पाणी आवडत नाही ही गोष्ट त्या भागात एकाच माणसाला ठाऊक होती. तो मिशनचा माळी होता, शलमोन. त्याच्याकडून ती त्याच्या बायकोला, हन्नाला कळली. तिसऱ्या कुणाला सांगायची वेळच आली नाही. मिरजगावच्या अलीकडच्या त्या माळरानावर एखाद्या झाडाला पाणी जास्त होईल अशी धास्ती कुणाला पडणार होती? तिथं माणसाला पाणी पुरत नव्हतं.

बी आलं होतं मिशनच्या गोऱ्या मडमेच्या देशातून, पाकिटात. मडमेनं बंगल्याच्या पायरीशी वाफा करून घेतला, काळी माती आणवली, शेणखत घातलं आणि शलमोनला सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. शलमोन घालायचा. रोपं वितभर व्हायची, मग मान टाकायची. तीन वर्षं हेच. चौथ्या वर्षी मडम वैतागली आणि म्हणाली, उपटून टाक. शलमोननं उपटली, पण एक रोप फेकवेना म्हणून आपल्या खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीला खोचलं. तिथं मुरमाचा ढीग होता. भिंतीचा चुना गळून त्यात मिसळला होता. पाण्याचा थेंब नाही. खोचलं आणि विसरला.

ते जगलं. दोन वर्षांत कमरेएवढं झुडूप झालं, राखाडी पानांचं, आणि माघात त्याला जांभळी कणसं आली. मडम बघायला आली, वाकून वास घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि घरी पत्र लिहिलं की माझं लवंडर शेवटी फुललं. माझं म्हणे. तिनं ते पत्र हन्नाला मोठ्या मायेनं मराठीत वाचून दाखवलं होतं. हन्नानं ऐकून घेतलं आणि परत भांडी घासायला बसली.

झुडूप तिथून हलवायची सोय नव्हती, म्हणून ते माळ्याच्या दारात राहिलं. फुलं मात्र बंगल्याची. खळ्यावरचं धान्य मालकाचं आणि खाली उरलेलं मातेरं बलुतेदाराचं, तसाच हा हिशेब. निवडक कणसं मडमेच्या पत्र्याच्या डब्यात जायची, मोडके देठ आणि भुसा माळ्याकडे राहायचा. वासाला काय, तो भुशालाही येतो.

कापणी हन्नाला पाठ होती. कणसाची खालची फुलं उघडली आणि वरची मिटलेली असली की तोच दिवस. दव सुकलं पाहिजे आणि ऊन चढायला नको. तेवढ्या वेळात शलमोन छोट्या विळ्यानं मूठमूठ कापायचा, हन्ना खाली जुनं धोतर पसरून बसायची. तो कापताना बोलायचा नाही. एरवी बडबड्या माणूस, पण तेवढा अर्धा तास गप्प. मग केकताडाच्या वाखाच्या दोरीनं जुड्या बांधायच्या आणि खोलीतल्या आढ्याला उलट्या टांगायच्या, दार लावून अंधारात. पंधरा दिवस दोघं त्या जुड्यांखाली झोपायची. लहानपणी कृपा मधे झोपायची आणि विचारायची, "बाबा, ही वटवाघळं हायेत का?" शलमोन म्हणायचा, "व्हय. देवबापाची. चावत न्हाईत." जुड्या वाळल्या की तळहातावर चोळून फुलं सुटी करायची, चाळायची, जुन्या साडीच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या शिवायच्या. देवळातल्या प्रभुभोजनाच्या मेजाचं पांढरं कापड ज्या पेटीत असे त्या पेटीत चार पुरचुंड्या. कसर लागायची नाही. देठ करडईच्या तेलात बुडवून बाटली आठ दिवस उन्हात ठेवायची. डोकं दुखलं, पाय दुखले, लेकराला झोप येईना, लावा तेल.

पुढं ते झुडूप म्हातारं झालं, मधून पोकळ पडलं. तेव्हा शलमोननं त्याच्याच कोवळ्या डहाळ्या तोडून खोचल्या आणि शेजारी नवं उभं केलं. जुनं गेलं, नवं त्याच जागी पसरलं. मडमही सत्तर साली बंगल्याला कुलूप लावून कायमची गेली. जाताना डबा घेऊन गेली. झुडूप राहिलं.

शलमोन एकाहत्तरच्या श्रावणात गेला. छातीत कळ आली, भिंतीला टेकून बसला, संपला. हन्नानं त्याचा सदरा न धुता ठेवला होता. सहा महिन्यांत त्याला पेटीचा, लोखंडाचा वास लागला. माणसाचा वास असा उडून जातो हे तिला माहीत नव्हतं. पण बहात्तरच्या माघात तिनं पहिल्यांदा एकटीनं कापणी केली आणि जुडी बांधताना हाताला जो वास लागला, तो शलमोनच्या हाताचा होता. माघ-फाल्गुनात तो घरात शिरला की खोलीभर तोच वास असायचा. पंधरा दिवस ती त्या जुड्यांखाली झोपली. पंधरा दिवस नवरा घरात होता. मग तिला कळलं की हे झुडूप आहे तोवर दरवर्षी पंधरा दिवस तो येणार. आणि हे गेलं की तो दुसऱ्यांदा मरणार.

एवढंच तिचं त्या झुडपात अडकलेलं होतं. पण हे काही थोडं नाही.

आता गोजरबाईचं.

मिशनच्या कंपाउंडाला कमरेएवढी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडं गोजरबाईच्या घरचं रान, रानात विहीर. ती विहीर खोल आणि जुनी. पाटलाच्या भावकीतली माणसं ती. हन्नाच्या माणसांनी येशू धरून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण विहिरीला त्याची खबर नव्हती. विहिरीच्या लेखी ती महारवाड्यातलीच.

बावन्न साली पाऊस पडला नाही. मिशनची विहीर आटली. कृपा तेव्हा दोन वर्षांची होती आणि तापानं फणफणली होती. शलमोन पाण्यासाठी घागर घेऊन सकाळीच दोन कोसांवर गेलेला. घरात थेंब नव्हता. हन्ना लेकीला खांद्यावर टाकून भिंतीला वळसा घालून विहिरीकडं गेली आणि लांब उभी राहिली. गोजरबाईची सासू, बनुबाई, काठावर बसली होती. हन्ना म्हणाली, "तांब्याभर घाला, आई. लेकरू भाजतंय." बनुबाई म्हणाली, "आमच्याच जनावरांना पुरंना. उद्या ये." पोहरा गोजरबाईच्या हातात होता, भरलेला. ती नवी सून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. तिनं पदराआडून हन्नाकडं बघितलं, मग सासूकडं, मग खाली. पोहरा तिनं आपल्या घागरीत ओतला. ओतताना पाण्याचा जो आवाज आला, तो हन्ना वीस वर्षं विसरली नाही. संध्याकाळी शलमोन पाणी घेऊन आला तेव्हा पोरगी वाचली. पण ती शलमोनच्या पायांमुळं वाचली.

तीन-चार वर्षांनी गोजरबाईला अर्धशिशी सुरू झाली. ऊन चढलं की अर्धं डोकं फुटायचं, ती रानात बांधावर डोकं दाबून बसायची. शलमोननं भिंतीवरून बघितलं आणि एक दिवस फुलांची पुरचुंडी भिंतीवर ठेवून आला. बनुबाईनं विचारलं, "काय हाय त्ये?" तो म्हणाला, "वाळली फुलं हायती, आई. उशाला घ्यायची. तेल हवं तर तेबी देतो." बनुबाईनं विचार केला आणि निवाडा दिला. "तेल नको. कोरडं चालंल. कोरड्याला इटाळ नसतो." मग दरवर्षी फाल्गुनात पुरचुंडी भिंतीवर जायची आणि गोजरबाई आपल्या घरच्या तेलात ती बुडवून डोक्याला लावायची.

हन्ना पेटली होती. "ज्यांनी लेकीला पानी दिलं न्हाई, त्यांच्या घरी फुलं धाडता?"

"डोकं दुखतंय तिचं."

"दुखू दे. लई माजलेलं डोकं हाय."

"डोक्याला काय ठावं, हन्ना, त्ये कुनाच्या घरातलं हाय ते," शलमोन म्हणाला आणि विळ्याला धार लावत बसला.

असा माणूस. त्याच्याशी भांडूनही उपयोग नसायचा. भांडण एका बाजूलाच संपून जायचं.

बहात्तरला परत पाऊस गेला, आणि हा बावन्नचाही बाप निघाला. खरिपाचा दाणासुद्धा हाताला लागला नाही. बैलं छावणीत गेली. सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि अख्खा गाव खडी फोडायला बसला. पाटलाच्या बायका आणि वस्तीतल्या बायका एका ओळीत, एकाच मुकादमाच्या शिव्या खात. दुपारी सुकडी वाटायची, ती एकाच पातेल्यातून. अन्न एकाच पातेल्यातलं चाललं. पाण्याचे डेरे मात्र दोन होते. दुष्काळानं सगळं खाल्लं, ते दोन डेरे खाल्ले नाहीत.

गोजरबाईची जागा हन्नाच्या शेजारी यायची. बनुबाई मरून बारा वर्षं झाली होती. आता गोजरबाई स्वतः सासू होती, नवरा नव्हता, घराचा कारभार ती आणि तिचा दीर श्रीमंत बघायचे. दोघी हातोडा चालवता चालवता बोलायच्या. वीस वर्षं भिंतीवरून जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं तीन महिन्यांत झालं.

पौषात हन्ना म्हणाली, "गोजरबाई, मी उद्या श्रीरामपूरला चालले. कृपाचे दिस भरत आले."

"पयलटकरीन हाय. जायाच पायजे. जावई मास्तर हाय न्हवं?"

"मिशनच्या शाळंत."

"मग आता काय. हिथं खडी फोडनारी, तिथं मास्तराची सासू. घरात नळ आसंल."

"हाय म्हनत्यात."

"झालं तर. नळाखाली बसशील आन् परत यायचं नाव घेनार न्हाईस."

"येते की. माजं झाड हाय हिथं." हन्नानं दगड फोडला, बाजूला सारला. "त्याच्याकडं तेवढं ध्यान ठिवा. फुलाय आलंय."

"ठिवते. बिनघोर जा."

हन्नाच्या डोक्यात शेरडं होती. चारा नाही म्हणून शेरडं मोकाट सुटलेली, काटेसुद्धा खात होती. शेरडं हाकला, एवढंच तिला म्हणायचं होतं. पाणी घालू नका हे सांगायचं तिच्या मनाच्या कोपऱ्यातही आलं नाही. त्या साली झाडाला पाणी घालायचं म्हणजे काय, वेड लागलेल्या माणसानंही घातलं नसतं.

कृपाला मुलगी झाली. गोरी, डोक्यावर जावळ भरपूर. हन्नानं सव्वा महिना पुरा केला. नळ होता, खरंच होता, सकाळी तासभर यायचा. जावई म्हणाला, आई, आता इथंच राहा. कृपाही रडली. हन्ना म्हणाली, कापणी झाली की येते. कृपाला राग आला. "माझ्या पोरीपेक्षा तुला ते झाड मोठं." हन्नानं नातीच्या कपाळाला ओठ लावले. काय बोलणार? तुझा बाप वर्षातून पंधरा दिवस येतो, ते दिवस आलेत, असं लेकीला कसं सांगायचं?

फाल्गुन लागला होता. एस.टी.नं तिला सडकेवर सोडलं. सडकेपासून कंपाउंड दीड मैल. दरसाली या दिवसांत मोडक्या फाटकापाशी आलं की वास यायचा. हन्ना फाटकातून आत आली, उभी राहिली, नाक वर करून श्वास घेतला. ऊन आणि धूळ. दुसरं काही नव्हतं. वारा उलटा असेल, असं स्वतःला सांगत ती चालली, पण पाय आपोआप भराभर पडायला लागले.

खोलीच्या भिंतीला वळसा घातला आणि तिनं आळं बघितलं.

सुबक आळं होतं. गोल, हातभर रुंद, काठ ओल्या मातीनं लिंपून घट्ट केलेले. एखाद्या शेतकऱ्यानं आपल्या लिंबोणीला करावं तसं. आत शेणखत भरलं होतं आणि त्यावर पाणी उभं होतं. अख्ख्या तालुक्यात जमिनीवर उभं असलेलं पाणी तेवढंच असेल. आणि त्या पाण्यात शलमोनचं झुडूप मान टाकून उभं होतं. पानं काळी पडली होती. कणसं आली होती, ती उघडण्याआधीच तपकिरी होऊन लोंबत होती. हन्नानं खाली बसून खोडाला हात लावला. साल हातात आली. खाली चिकट, कुजका, गटाराचा वास.

"आली का गं?"

भिंतीपलीकडून गोजरबाई. काखेत घागर, भरलेली. भिंतीच्या खिंडारातून ती आत आली, धापा टाकत, आणि घागर जमिनीवर टेकवून पदरानं तोंड पुसलं. "पोरगी का पोरगा?"

"पोरगी."

"असू दे. लक्ष्मी हाय. कृपा बरी?"

"बरी हाय."

"तुजं झाड बघ बया. म्या काय कमी केलं न्हाई." गोजरबाईचा आवाज अभिमानाचा होता आणि थोडा भ्यालेलाही. "तू गेलीस आन् दुसऱ्या दिशी बघते तर पानं राखंवानी. म्हनलं सुकाय लागलं. आळं केलं, दोन पाट्या शेणखत घातलं, जुनं, कुजलेलं. रोज दोन घागरी. श्रीमंतभावजी भांडलं. म्हनलं, बैलं छावनीत धाडली आन् वैनी किरिस्तावाच्या झाडाला पानी घालती. सून तर बोलायचीच बंद झाली. मंग म्या माजी आंगोळ सोडली. आठ दिसातनं एकदा. त्येच पानी हिकडं. तरी सुकतंच. म्हनलं मुळाला आग लागली आसंल. आठ दिस झालं, तीन घागरी करते."

हन्ना ऐकत होती. तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. बरं केलंत, बाई. जन्मभर तिच्या जिभेला हेच वळण होतं. मडमेला बरं केलंत, पाद्रीसायबाला बरं केलंत, बनुबाईला उद्या येते, आई. जीभ उचललीसुद्धा. पण हातात खोडाची साल होती, ओली, पिठासारखी.

"मारलंस तू त्याला," ती म्हणाली.

गोजरबाईला आधी कळलंच नाही. "काय म्हनलीस?"

"पान्यानं मारलंस. ह्याला पानी लागत न्हाई. राखंवानीच पान असतं ह्याचं. ह्ये दगडात वाढतंय, चुन्यात. तुज्या आळ्यात कुजलं."

"मला काय ठावं? तू सांगितलं न्हाईस."

"न्हाई सांगितलं. चुकलं माजं. मला वाटलंच न्हाई तू पानी घालशील." हन्ना उभी राहिली. वीस वर्षांत ती या बाईशी 'तुमी' सोडून बोलली नव्हती, आणि आता ते तोंडातून येतच नव्हतं. "बावन्न साली तुज्या हातात भरलेला पोहरा हुता. माजी कृपा खांद्यावर जळत हुती. तांब्याभर मागितलं. जी मागत हुती तिला थेंब न्हाई. आन् ज्याला नको हुतं त्याला तीन घागरी."

गोजरबाईचा चेहरा ताठ झाला, पाटलाच्या घरातल्या बाईचा असतो तसा. "मी तवा सून हुते. सासूम्होरं माजं चालत हुतं व्हय?"

"सून हुतीस. मंग सासू झालीस. बारा वर्सं झाली बनुआईला मरून. मिशनची हीर दर उन्हाळ्याला आटती. कवा म्हनलीस, हन्ने, ये?"

"माजी आंगोळ सोडली म्या," गोजरबाई म्हणाली. एवढंच तिच्याजवळ होतं.

"ठावं हाय. म्हनून तर..." म्हणून तर जास्त लागतंय, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं.

गोजरबाईनं घागर उचलली. कुठं ओतावी ते तिला कळेना. आळ्यात ओतायची सोय राहिली नव्हती, जमिनीवर ओतायचा जीव होईना. भरलेली घागर काखेत घेऊन ती आली तशी खिंडारातून परत गेली. तिचं पाऊल चुकलं, पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडलं, पण ती थांबली नाही.

हन्नानं हातानं आळं फोडलं. पाणी बाहेर काढून दिलं, शेणखत ओंजळीनं उपसलं, मुळाभोवतीची ओली माती खुरप्यानं काढून मुरूम टाकला. वेळ निघून गेली आहे हे तिला दिसत होतं, तरी हात थांबेनात. भिंतीच्या बाजूची एक फांदी मात्र, चुन्याच्या पोपड्यात घुसलेली, अजून राखाडी होती. टणक होती. तिच्यावर आठ कणसं होती आणि चारांची खालची फुलं उघडली होती.

ती रात्र तिनं मोजून काढली. सकाळी दव सुकल्यावर शलमोनचा विळा घेतला, धोतर पसरलं आणि आठ कणसं कापली. एका मुठीतही भरली नाहीत. कापताना ती गप्प होती. तळहात नाकाशी धरला. होता. अर्धवट, लांबून हाक मारल्यासारखा, पण होता तो. हन्ना भिंतीला टेकून बसली आणि उन्हानं खाली पाय भाजायला लागेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. पहिल्या वर्षीच्या जुड्या, कृपाची वटवाघळं, शलमोनचा विळ्यावर थुंकून धार बघायचं बोट, सगळं त्या हातात होतं. मग ती उठली. रडून झुडूप येत नसतं.

त्या फांदीच्या कोवळ्या डहाळ्या तिनं तोडल्या, बिनफुलाच्या. वितीएवढ्या अकरा निघाल्या. खालची पानं ओरबाडली आणि फुटक्या रांजणाच्या बुडात वाळू-मुरूम भरून त्यात खोचल्या, खोलीच्या सावलीला. शलमोन असंच करायचा. तो म्हणायचा, डहाळीला मूळ न्हाई तोवर ती लेकरू हाय, तिला ओल लागती. मूळ फुटलं की पानी तोडायचं, आन् परत कवा द्यायचं न्हाई. महिनाभर ओल. दिसाआड तांब्याभर.

आणि तांब्याभर नव्हतं. टँकर चार दिवस आला नव्हता. हन्नानं पहिला तांब्या आपल्या पिण्यातला घातला. दिवसाआड दुसरा घातला, आणि डेऱ्याचा तळ दिसला. ती कामावर जात होती. गोजरबाई आता दुसऱ्या ओळीत, पाठ करून बसायची. बायका विचारायच्या, काय झालं गं दोघींत? हन्ना म्हणायची, काय न्हाई. पाचव्या दिवशी सकाळी डहाळ्यांपैकी तीन वाळून काड्या झाल्या होत्या. बाकीच्यांचे शेंडे वाकले होते. आठ उरल्या होत्या आणि वाळू कोरडी ठक्क होती. टँकरचा पत्ता नव्हता.

हन्नानं तांब्या घेतला, आढ्यावरचा दोर आणि शलमोनचा पोहरा काढला, आणि खिंडारातून पलीकडं गेली. भिंतीला वळसा घालून नाही, सरळ खिंडारातून. विहिरीवर श्रीमंत होता, बनियनवर, पोहरा ओढत. गोजरबाई घागरी लावत होती. हन्नाला बघून तिनं हातातली घागर नुसती धरून ठेवली.

"काय गं?" श्रीमंत म्हणाला.

"पानी काढायचंय."

"थांब तिथं. आमचं झालं की घालतो वरनं."

"वरनं नको. मी काढते."

श्रीमंत हसला, मग हन्नाच्या हातातला दोर बघून हसायचा थांबला. त्यानं वहिनीकडं बघितलं. तिनं काय ते बोलावं, म्हणजे आपल्याला तोंड खराब करायला नको. गोजरबाई घागरीच्या गळ्यावरून बोट फिरवत राहिली.

"काढू द्या," ती म्हणाली.

"वैनी, आज ही आली, उद्या अख्खी वस्ती यील."

"यील. तहान लागली की मानूस येतंयच."

"आन् भावकीला काय सांगायचं?"

"माज्याकडं धाडा भावकीला," गोजरबाई म्हणाली. "मी सांगते काय ते. घागर उचला तुमी, तिथं उभं ऱ्हाऊन तोंड बघत बसू नका."

श्रीमंत घागर घेऊन गेला, पुटपुटत. हन्ना काठाशी आली. या काठावर तिनं जन्मात पाय ठेवला नव्हता. दगडावर दोरानं पडलेल्या खाचा बोटाएवढ्या खोल होत्या. तिनं वाकून आत बघितलं. खूप खाली, पाण्याचा तुकडा. तिनं पोहरा सोडला. तो तळाच्या दगडावर खणकन आपटला आणि वर आला तेव्हा त्यात चिखल होता.

"डावीकडं सोड," गोजरबाई म्हणाली. "तिथं डबकं हाय. पोहरा आडवा पडू दे, मंग झटका दे."

हन्नानं डावीकडं सोडला. पोहरा आडवा पडला, भरला. ओढताना दोर तळहाताला भाजत होता. तांब्या भरला, उरलेलं पाणी पोहऱ्यातच ठेवून ती उभी राहिली.

"बास? एवढंच?" गोजरबाईनं विचारलं.

"त्यांना एवढंच लागतंय. दिसाआड."

"किती जगल्या?"

"आठ हायती अजून."

गोजरबाईनं मान हलवली. ती हन्नाकडं बघत नव्हती, विहिरीत बघत होती. "मी हात लावनार न्हाई," ती म्हणाली. "तूच घाल. मला कळत न्हाई त्यातलं." वरती कावळा ओरडत होता. गोजरबाई म्हणाली, "आन् तू काय पिशील?"

हन्नाच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. काल सकाळपासून तिनं कामावरचंच पाणी प्यायलं होतं, वस्तीसाठी ठेवलेल्या डेऱ्यातलं, कोमट. तिनं पोहऱ्यातलं उरलेलं पाणी तोंडाला लावलं. काठावर उभी राहून, गोजरबाईच्या समोर, ती ते सगळं प्यायली. पाणी गढूळ होतं आणि गार होतं.

मग तिनं पोहरा पुन्हा डावीकडं सोडला.